परत कुणाकडे येऊ? विद्यार्थी स्वयंसेवकांचा गट एकत्र बांधणाऱ्या भेटी कशा घ्याव्यात

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी उतरल्यावर सांगलीत आणि नदीकाठच्या गावांत कॉलेजची पोरं फावडी, खराटे, बादल्या घेऊन आपणहून आली. शाळांतला चिखल काढला, भिजलेली बाकं उन्हात टाकली, घराघरांतलं वाया गेलेलं धान्य बाहेर काढलं. दिवाळीपर्यंत मात्र त्यातली बरीचशी दिसेनाशी झाली.

पुढे एकदा बसस्थानकावर त्यातलीच एक मुलगी भेटली. आठ दिवस ती आमच्याबरोबर चिखलात उभी होती. "नंतर आली नाहीस गं?" असं विचारल्यावर म्हणाली, "ताई, तिथं माझं नाव कुणाला माहीत होतं? परत कुणाकडे येऊ?"

मला तिचं नाव तेव्हाही आठवलं नाही. त्या दिवसापासून आम्ही गटाच्या भेटीगाठींकडे काम म्हणून बघायला लागलो. मदतीचं काम माणसं गोळा करतं, पण ती टिकतात एकमेकांच्या ओळखीवर, आणि ओळख व्हायला निवांत वेळ मुद्दाम काढावा लागतो. तो कसा काढायचा, हे गेल्या काही वर्षांत जे जमलं आणि जे फसलं त्यावरून लिहिते आहे. सांगलीच्या बाहेरच्यांनी आपापल्या गावाप्रमाणे बदल करून घ्यावा.

बेत ठरवण्याआधी चार गोष्टी विचारा

बहुतेक ठिकाणी आधी बेत ठरतो आणि मग ग्रुपवर निरोप पडतो. त्या बेताला शहरात घर असलेले, गाडी असलेले आणि खिशात पैसे असलेले येतात. उरलेले "जमणार नाही" एवढंही लिहीत नाहीत, गप्प राहतात. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला, जुलैमध्ये प्रवेश उरकले की प्रत्येकाला वेगळं गाठून चार गोष्टी विचारा आणि वहीत लिहून ठेवा: गावाकडे जाणारी शेवटची सोयीची एसटी किती वाजता, खाण्यापिण्यात काय चालत नाही, घरून परवानगी कुणाची घ्यावी लागते, आणि आठवड्यातला कुठला वार अजिबात जमत नाही. पैशांचं सगळ्यांसमोर विचारू नका. त्याचं पुढे सांगते.

हे फॉर्मवर भरून घेऊ नका. समोर बसून विचारलं की माणूस खरं सांगतो. एकीने शेवटची गाडी सहाची लिहून दिली होती. बोलताना कळलं की फाट्यापासून घर दोन किलोमीटर आत आहे आणि अंधार पडायच्या आत तिला फाट्यावर उतरायलाच हवं. म्हणजे तिची खरी शेवटची गाडी साडेचारची.

मग नियम एकच ठेवा. ज्याला येणं सगळ्यात अवघड आहे, त्याच्या सोयीने वेळ, जागा आणि खर्च ठरवायचा. आमच्या बहुतेक भेटी कॉलेजच्या दिवशी दुपारी होतात आणि चारला संपतात. रविवार शहरातल्यांना सोयीचा वाटतो, पण जत-आटपाडीकडच्या मुलाला तेवढ्यासाठी खास फेरी मारावी लागते, शिवाय त्या दिवशी घरी शेतातलं काम वाट बघत असतं. संध्याकाळच्या भेटी आम्ही पूर्ण बंद केल्या. सुरुवातीला काहींनी नाराजी दाखवली, पण मुलींची संख्या वाढलेली सगळ्यांना दिसली.

पहिली भेट: स्टेज नको, सत्कार नको

पहिल्या भेटीला पाहुणे बोलावायचा मोह होतो. पाहुणे आले की खुर्च्या ओळीत लागतात, शाल-श्रीफळ येतं, प्रास्ताविक आणि आभार होतात, आणि नवीन पोरं दीड तास एकमेकांच्या पाठी बघत बसतात. ते सगळं वर्षात दुसऱ्या कधीतरी करा. पहिल्या भेटीला सतरंजी टाका आणि गोल बसा. पंचवीस-तीसच्या वर संख्या असेल तर दोन गोल करा.

ओळख करून देताना आम्ही फक्त पहिलं नाव आणि गाव सांगतो. आडनाव नाही, टक्के नाहीत, वडील काय करतात ते नाही. आडनाव ऐकलं की आपल्याकडे मनात कुठले हिशोब सुरू होतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि पहिल्या तासात ते सुरू व्हायला नकोत. आडनावं पुढे कळतातच, पण तोवर माणूस कळलेला असतो.

नावानंतरचा प्रश्न असा हवा, की ज्याला प्रत्येकाकडे उत्तर असेल. "तुझा छंद कोणता?" म्हटलं की खेड्यातली पोरं अडखळतात. "तुझ्या गावाला यायचं तर कुठल्या गाडीत बसायचं आणि उतरल्यावर पहिल्यांदा काय दिसतं?" असं विचारा. शिराळ्याकडचा पोरगा घाट सांगतो, तासगावची पोरगी द्राक्षाचे मांडव आणि बेदाण्याचे शेड सांगते, मिरजेचा पोरगा तंतुवाद्यांच्या दुकानांची गल्ली सांगतो. बोलणं वाढत जातं.

त्याच दिवशी प्रत्येक नव्या मुलाला एक जुना सोबती जोडून द्या. सोबत्याचं काम एवढंच, की पुढच्या भेटीच्या आदल्या दिवशी फोन करायचा. मेसेज नव्हे, फोन. "उद्या येतोयस ना? मी बसस्थानकावर थांबतो" हे वाक्य कानावर पडलं की पाय निघतो.

भडंगाची दुपार

आमच्याकडे सगळ्यात जास्त माणसं या दुपारीच जोडली गेली, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

सांगलीत भडंग दुकानातून आणणं सोपं आहे. पण आणलेलं भडंग दहा मिनिटांत संपतं आणि पोरं फोन काढतात. एकत्र बसून केलं तर दोन-अडीच तास सहज जातात. तीस जणांसाठी एक किलो भडंगाचे जाड चिरमुरे, अर्धा किलो शेंगदाणे, पाव लिटर तेल, पाव किलो लसूण, कढीपत्त्याच्या दोन भरघोस जुड्या, हळद, तिखट, मीठ, थोडी पिठीसाखर एवढं पुरतं. वरून घ्यायला कांदा, कोथिंबीर, लिंबू. मोठी कढई आणि दोन घमेली कुणाच्या तरी घरून मिळतात. चिरमुरे सकाळीच उन्हात टाकून ठेवा, नाहीतर दमट हवेत ते चिवट लागतात.

काही घरांत लसूण सालीसकटच ठेचून घालतात आणि चवीला तेही छान लागतं. आम्ही मुद्दाम सोलून घेतो. पाव किलो लसूण सोलायला आठ-दहा जणांना बराच वेळ लागतो आणि तेवढा वेळच आम्हाला हवा असतो. हात गुंतलेले असले की समोरच्याच्या डोळ्यांत बघत बोलावं लागत नाही, आणि लाजऱ्या माणसाला तेच सोपं जातं. आटपाडीकडची एक मुलगी पहिल्या दोन भेटींत नावापलीकडे काही बोलली नव्हती. त्या दुपारी पाकळीचं टोक नखाने काढता काढता, मान खाली घालूनच, ती शेजारणीला सांगायला लागली, की होस्टेलवर रात्री झोप येत नाही, कारण घरी गोठ्यातल्या म्हशीच्या गळ्यातल्या साखळीचा आवाज ऐकत झोपायची सवय आहे. शेजारची मुलगी सांगलीतच वाढलेली. ती म्हणाली, "मग शनिवारी आमच्याकडे ये झोपायला, आमच्या मागच्या घरात म्हैस आहे." त्या दोघी पुढे गटाच्या साहित्याचा सगळा हिशोब सांभाळायला लागल्या. लसूण सोलताना कुणी भाषण सुरू केलं असतं तर ती गोष्ट तिच्या तोंडून निघाली नसती. म्हणून या वेळात कार्यक्रम ठेवू नका, माईक नको, खेळ नकोत.

कृतीत दोनच गोष्टी सांभाळायच्या. शेंगदाणे आधी तळून बाजूला काढा. नंतर त्याच तेलात ठेचलेला लसूण आणि कढीपत्ता कुरकुरीत झाला की आच बंद करून मगच तिखट घाला. आचेवर घातलं तर ते करपतं आणि सगळ्या घमेल्याला कडू वास लागतो. मीठ-साखर मिसळून चिरमुरे घालून खालीवर करा. कांदा-लिंबू ज्याने त्याने ताटलीत घ्यायचं, कारण एकदा घातलं की भडंग मऊ पडतं.

पहिलं घमेलं मात्र बिनलसणीचं करायचं. सांगली जिल्ह्यात जैन कुटुंबं पुष्कळ आहेत आणि अनेक मुलं कांदा-लसूण खात नाहीत. चातुर्मासात सूर्यास्तानंतर न जेवणारीही असतात. आधी लसणीचं करून मग "तुमच्यासाठी वेगळं काढतो" म्हटलं की त्या मुलाला आपण ओझं झाल्यासारखं वाटतं. पहिलं घमेलं तेच असलं, वाढायचा डावही वेगळा असला, की त्यावर कुणाला बोलावंच लागत नाही. उपवासवाल्यांसाठी केळी आणि भाजलेले शेंगदाणे ठेवा. रमजानच्या महिन्यात खाण्याच्या भेटी घेऊ नका, त्या महिन्यात चालायला जा किंवा दुसरं काही करा. आमच्या गटात हे एका मुलाने दुसऱ्या वर्षी सांगितलं. पहिलं वर्ष तो नुसता बसून राहिला होता. ते अजून मनाला लागतं.

शेवटी भांडी. चिठ्ठ्या टाका आणि ज्याचं नाव निघेल तो घासेल. मुली आपसूक उठतात आणि मुलं आपसूक बसून राहतात, हे पहिल्याच दिवशी मोडलं नाही तर वर्षभर तसंच चालतं. कढई घासणारा मुलगा आणि कोरडं करणारी मुलगी यांच्या गप्पाही लसणीइतक्याच रंगतात.

पुराच्या खुणांची फेरी

हिवाळ्यात एखाद्या दिवशी कॉलेज सुटल्यावर चालायला निघा. सांगलीत याहून चांगली वाट मला माहीत नाही: १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापासून नदीकाठच्या वस्त्यांतून फिरायचं आणि घरादुकानांच्या भिंतींवर पाणी कुठवर आलं होतं ते बघायचं. काही भिंतींवर लोकांनी स्वतःच रेघ मारून वर्ष लिहून ठेवलेलं असतं. २००५, २०१९, २०२१. आजची प्रथम वर्षाची पोरं २०१९ मध्ये शाळेत होती. डोक्याच्या वरची ती रेघ पाहिली की त्यांना जे कळतं ते व्याख्यानातून कळत नाही.

जायच्या आधी दोन-तीन घरी भेटून या. एखाद्या आजींना विचारा, "पोरं येतील, तेव्हाचं सांगाल का?" त्या सांगतातच. मात्र पंचवीस जण एकदम कुणाच्या दारात उभे राहू नका. पाच-सहाच्या तुकड्या करा आणि प्रत्येक तुकडी वेगळ्या घरी पाठवा. काही न्यायचं असेल तर किलोभर फळं न्या. फोटो आधी विचारूनच काढा.

चालताना आम्ही जोड्या करतो आणि दर चौकात जोडी बदलतो. एकत्र येऊन एकत्रच जाणाऱ्या मैत्रिणींनाही वेगळं व्हावं लागतं. सुरुवातीला कुरकुर होते, तिसऱ्या चौकापर्यंत ती थांबते.

वेळ असेल तर शेवट हरिपूरला करा. संगमेश्वराच्या देवळाजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर बसून डबे उघडता येतात. तिथे एकच कडक नियम, पाण्यात कुणीही उतरायचं नाही, पाय भिजवायलाही नाही. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी नाव उलटली होती. नदीचं भय काय असतं ते या जिल्ह्यात समजावून सांगावं लागत नाही. पण पोरं पोरंच असतात, म्हणून काठावर दोन जबाबदार माणसं उभी ठेवा.

शाळूचा हुरडा

डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीभर जत, कवठेमहांकाळकडे शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, हुरड्याला येतो. गटातल्या एखाद्याच्या रानात जाण्यासारखी दुसरी भेट नाही, पण यजमान घरावर भार पडू देऊ नका. तिथली माणसं कणसांचे पैसे घ्यायची नाहीत आणि जेवल्याशिवाय सोडायचीही नाहीत. म्हणून आधीच बोलून घ्या. दही, गूळ, शेंगदाण्याची चटणी, खर्डा, पाण्याचे जार आपण न्यायचे. सकाळी दोन तास त्यांच्या रानात जे काम असेल ते करायचं, मग कणसं भाजायला आगटी पेटवायची. मुलींसाठी शौचालयाची सोय कुठे आहे हे जायच्या आधी एका मुलीने प्रत्यक्ष जाऊन बघून यायचं. ही गोष्ट मुलांवर सोडली की विसरली जाते. कुणाला ऊन-धुराचा त्रास असेल, दमा असेल तर तेही आधी विचारून घ्या.

या भेटीत घडतं ते असं. आमच्यातला जतकडचा एक मुलगा सांगलीतल्या बैठकीत कायम भिंतीला टेकून गप्प बसायचा. रानात त्याने खड्डा नीट करून शेणी रचल्या, कणसं निखाऱ्यात खोचली, आणि पहिलं कणीस काढून तळहातावर असं झरझर चोळलं, की हिरवे दाणे वेगळे आणि कोंडा वेगळा. फुंकर मारून त्याने ते शेजारच्याच्या हातावर ठेवले. शहरातली पोरं चोळायला गेली तर चटका बसून कणसं खाली टाकायला लागली. मग तो एकेकाचा हात धरून दाखवायला लागला: कणीस कुठे धरायचं, किती दाबायचं. दुपारपर्यंत सगळे त्याला "अरे, माझं बघ ना" म्हणत होते. पुढच्या बैठकीत तो भिंतीपासून दोन फूट पुढे येऊन बसला. ज्या भेटीत शांत माणसाला येणारी गोष्ट सगळ्यांना शिकावी लागते, अशी एक तरी भेट वर्षात ठेवा. ती हुरड्याचीच असली पाहिजे असं नाही. बेदाण्याच्या शेडवर, कुंभाराच्या चाकावर, कुठेही होईल.

कामानंतरचा चहा आणि नाटकाच्या तालमी

स्वच्छता, रक्तदान शिबिर, सर्वेक्षण, काहीही संपलं की पोरं लगेच पांगतात. त्याआधी अर्धा तास बसा. तीस जणांच्या अर्ध्या कपाला दोन लिटर दूध आणि एक लिटर पाणी पुरतं. आज काय चांगलं झालं हे विचारू नका, त्याला सगळे "छान झालं" म्हणतात. "आज कशाने वाईट वाटलं?" असं विचारा. पूरग्रस्त घरात किंवा दवाखान्यात जाऊन आलेल्या मुलाच्या मनात बरंच साचलेलं असतं. कुणाला रडू आलं तर येऊ द्या, आणि त्या संध्याकाळी त्याच्या सोबत्याने फोन करायचाच.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे पहिलं नाटक रंगवलं, आणि ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्यावरूनच आला. पथनाट्य बसवायचं असेल तर प्रयोगापेक्षा तालमींना जास्त दिवस द्या, कारण ओळखी तालमीतच होतात. ज्यांना समोर उभं राहायचं नाही त्यांना ढोलकी, हलगी, फलक, प्रॉम्प्टिंग द्या. तेही तालमीला रोज हवेत. तारखा मात्र सत्र परीक्षेपासून लांब ठेवा.

पैसे आणि हजेरी

वर्गणी ठरवून मागू नका. पत्र्याचा डबा वर चीर पाडून ठेवा, जमेल तो टाकेल. कुणी किती टाकले हे कुणी बघायचं नाही, आणि डबा फिरवायचाही नाही, दाराजवळ ठेवायचा. पैशांऐवजी कढीपत्ता, घरचा गूळ, शेतातल्या शेंगा चालतात. खर्चाचा कागद दुसऱ्या दिवशी सगळ्यांना दिसेल असा लावा. या सगळ्यात आम्हाला कधी फार कमी पडले नाहीत. एकदा एका दुकानदाराने भेटीच्या खर्चाच्या बदल्यात स्वतःच्या फलकासमोर सगळ्यांचे फोटो मागितले. तेव्हा आम्ही होकार दिला आणि नंतर कित्येक मुलींच्या घरून विचारणा आली. तेव्हापासून कुणाचाही फोटो त्याला विचारल्याशिवाय बाहेर जात नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास काम भरावं लागतं. या भेटी त्या तासांत धरू नका. हजेरीसाठी आलेला मुलगा घड्याळ बघतो. येणं पूर्ण ऐच्छिक ठेवलं की वहीतले आकडे सुरुवातीला छोटे दिसतात, त्याने घाबरू नका.

वहीत दोनच गोष्टी लिहा: कोण पहिल्यांदा आलं आणि कोण दुसऱ्यांदा आलं. दुसऱ्यांदा न आलेल्यांची नावं दर महिन्याला वाचा. फोन करताना "का आली नाहीस?" नको, त्यात जाब असतो. "मागच्या वेळी काही अडचण झाली का आमच्याकडून?" असं विचारा. निम्म्या वेळा उत्तर आपल्याच चुकीचं निघतं: वेळ लांबली, कुणी चेष्टा केली, जुनी पोरं आपापल्यातच बोलत होती.

हे शेवटचं कारण सगळ्यात जास्त वेळा ऐकलं आहे. जुन्यांचा कंपू होणं स्वाभाविक आहे, त्यांनी एकत्र खूप सोसलेलं असतं. त्यांच्यासाठी वेगळी भेट ठेवा, महिन्यातून एकदा, हवं तेवढं आपापसात बसू द्या. पण सगळ्यांच्या भेटीत दोन जुनी पोरं शेजारी-शेजारी बसणार नाहीत, हे ठरलेलं असावं.

पावसाळ्याआधीची भेट

मे संपता संपता एक भेट घ्या आणि तिला शिकून बाहेर पडलेल्यांनाही बोलवा. कोण पुण्यात नोकरीला, कोण गावी शेतात, कोण स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात. भाजलेल्या शेंगांचा ढीग मध्ये ठेवा आणि शेंगा फोडत काम करा. टॉर्च पेटतात का, दोर कुजले आहेत का, कुणाचे फोन नंबर बदलले, कुणाच्या गल्लीत म्हातारी माणसं एकटी राहतात, कुणाकडे ट्रॅक्टर आहे. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांची इशारा पातळी आली की कुणी कुणाला पहिला फोन करायचा, ती साखळी त्याच दिवशी कागदावर लिहा आणि एकदा सगळ्यांसमोर फोन लावून बघा. ज्याचा फोन लागत नाही, त्याच्या गावातल्या दुसऱ्या कुणाचा तरी नंबर घ्या.

बसस्थानकावर भेटलेली ती मुलगी आता एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. दोन वर्षांपूर्वी या भेटीला तिला बोलावलं. ती लवकर आली, सतरंजी टाकायला लागली, आणि मी तिला नावाने हाक मारली. साखळीत वारणाकाठच्या चार गावांचा पहिला फोन आता तिच्याकडे असतो.

भेट संपली की वही हातात घेऊन बसस्थानकापर्यंत जा. जत, शिराळा, पलूस, आटपाडी, ज्याची गाडी जशी लागेल तसा तो निघतो. घरी पोचल्यावर प्रत्येकाने "पोचलो" एवढं कळवायचं. ज्याचा निरोप येईल त्याच्या नावापुढे खूण करा, आणि शेवटची खूण होईपर्यंत फोन बाजूला ठेवू नका.